डोळ्यांच्या थेंबांत अल्कोहोल? दहावीला अल्कोहोल आणि बहुवारिके शिकवताना

खडूफळा

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. कार्बनी संयुगांच्या प्रकरणात इथेनॉल संपवून बहुवारिकांकडे, म्हणजे लहान रेणू जोडून बनलेल्या लांब साखळ्यांकडे, आले होते. फळ्यावर पॉलिथीन, पीव्हीसी, टेफ्लॉन अशी नावं लिहीत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि दप्तरातून आजीच्या डोळ्यांच्या थेंबांचा रिकामा खोका काढला. त्यावर छापलं होतं, पॉलिव्हायनिल अल्कोहोल १.४ टक्के.

"बाई, हे पॉली आहे म्हणजे आजचं. अल्कोहोल आहे म्हणजे मागच्या आठवड्यातलं. मग हे बसतं कशात? आणि आजीच्या डोळ्यांत दारू घालतात का?"

वर्ग हसला. ती हसली नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी "दोन्हीत बसतं" एवढंच म्हणू शकले आणि तास संपला. ते उत्तर मला दिवसभर टोचत राहिलं. पाठ्यपुस्तकात अल्कोहोल एका पानावर आणि बहुवारिके दुसऱ्या पानावर येतात, पण त्या दोन पानांना जोडणारा रस्ता मुलांना दाखवायचा कसा?

अल्कोहोलचा तास माझा बरा जातो, तो सांगते. तीन संयुगं घेते: प्रोपेन, डायमिथाइल ईथर आणि इथेनॉल. रेणुवस्तुमान ४४, ४६, ४६. म्हणजे वजनाला जवळजवळ सारखी. ईथर आणि इथेनॉलचं तर रेणुसूत्रही एकच. मग उत्कलनबिंदू लिहिते: उणे ४२, उणे २४ आणि अधिक ७८ अंश सेल्सिअस. मुलं चमकतात. एवढी उडी कशामुळे? इथेनॉलमध्ये ऑक्सिजनला हायड्रोजन चिकटलेला आहे, त्या ओएच गटामुळे शेजारचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात. सुटं व्हायला जास्त उष्णता लागते. इथपर्यंत पोरं माझ्यासोबत असतात. पुढचं सांगा.

---

काठावरची

वाचतेय. मुलगा यंदा दहावीला आहे, त्यालाही दाखवणार.

---

मळीचा_वास

बाई, प्रश्न विचारणाऱ्या मुलीला शाबासकी द्या. मी सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत तीस वर्षं केमिस्ट होतो. ही दोन पानं जोडणारा एक रस्ता आमच्या फाटकातूनच जातो.

उसाचा रस आटवून साखरेचे दाणे वेगळे काढले की मागे उरते ती मळी. काळी, घट्ट, गोडसर उग्र वासाची. तिच्यात बरीच साखर अजून असते, फक्त तिचे दाणे पाडणं परवडत नाही. मळी पाण्यानं पातळ करून फर्मेंटरमध्ये घ्यायची आणि यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड देतं. टाकीवर उभं राहिलं की खाली उकळल्यासारखे बुडबुडे दिसतात, पण तिथे आग कुठेच नसते. तयार झालेल्या वॉशमध्ये, म्हणजे आंबलेल्या द्रवात, दहा टक्क्यांच्या आतबाहेर अल्कोहोल येतं. त्याच्या फार पुढे गेलं की त्या अल्कोहोलमध्ये यीस्टच तग धरत नाही.

मग ऊर्ध्वपातन. इथे मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. कितीही उंच कॉलम लावा, साध्या ऊर्ध्वपातनानं वजनी ९५.६ टक्क्यांच्या वर अल्कोहोल जात नाही. त्या प्रमाणाला पाणी आणि इथेनॉल मिळून ७८.२ अंशाला एकत्रच उकळतात, वाफेत आणि द्रवात प्रमाण तेच राहतं. उरलेलं पाणी काढायला मॉलिक्युलर सीव्ह लागतात. त्यांची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा रेणू आत शिरतो आणि इथेनॉलचा बाहेर राहतो. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल असंच कोरडं करतात.

आता बहुवारिकाकडे. पुस्तकात अभिक्रिया आहेच: इथेनॉल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल, १७० अंश, इथीन आणि पाणी. मुलं ती पाठ करतात आणि विसरतात. तिच्यावर हिशेब घाला. ४६ ग्रॅम इथेनॉलमधून १८ ग्रॅम पाणी गेलं की २८ ग्रॅम इथीन उरतं. त्या इथीनचे हजारो रेणू जोडले की पॉलिथीन. म्हणजे दुधाची पिशवी मळीपासून करता येते. ब्राझीलमध्ये ब्रास्केम कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलचं पॉलिथीन बनवते आहे, सुरुवातीला वर्षाला २ लाख टन क्षमतेच्या कारखान्यात. कारखान्यात सल्फ्युरिक आम्ल वापरत नाहीत, तापलेल्या अ‍ॅल्युमिनासारख्या उत्प्रेरकावरून अल्कोहोलची वाफ सोडतात. आपल्याकडे उत्तराखंडातल्या काशीपूरला मळीच्या अल्कोहोलपासून इथिलीन ग्लायकॉल तयार होतं. ते कशाला लागतं, हे पुढे कोणी जाणकार सांगेलच.

---

लांबसाखळी

मळीकाका, सुरुवात सुरेख करून दिलीत. मी पॉलिमरमध्ये संशोधन करते. ग्लायकॉलपासून पुढे नेते.

बाई, मुलांना मैदानावर न्या. प्रत्येक मुलगा एक रेणू. ओएच गट म्हणजे त्याचा हात. इथेनॉलला एकच हात आहे, म्हणून इथेनॉल झालेल्या मुलानं दुसरा हात पाठीमागे घ्यायचा. इथेनॉइक आम्लालाही एकच हात, पण तो सीओओएचचा. दोघांनी हात मिळवले, मधून पाण्याचा एक रेणू बाहेर पडला, इस्टर झालं. संपलं. दोघांचेही हात अडकले, तिसऱ्याला धरायला काही उरलं नाही. म्हणून इस्टर लहान राहतं, सहज उडतं आणि आपल्याला त्याचा वास येतो. केळ्याचा वास हे असंच एक इस्टर. दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमाचा तो ओळखीचा वास पुष्कळदा मिथाइल सॅलिसिलेटचा असतो, त्यातला अल्कोहोलचा भाग मिथेनॉलचा.

आता इथिलीन ग्लायकॉल. दोन कार्बन, दोन ओएच, म्हणजे दोन्ही हात मोकळे. समोर टेरेप्थॅलिक आम्ल, त्यालाही दोन हात. एकानं दुसऱ्याचा हात धरला, तरी दोघांचाही एकेक हात रिकामा. तो तिसऱ्याला धरतो, तिसरा चौथ्याला. ही साखळी थांबतच नाही, आणि प्रत्येक सांध्याला पाण्याचा एक रेणू सुटतो. हेच पॉलिएस्टर. व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये ते केलं आणि त्याचं नाव टेरिलीन पडलं. आजोबांच्या पिढीला टेरिलीनचा शर्ट आणि टेरिकॉटची पँट आठवत असेल. पाण्याची पारदर्शक बाटली म्हणजे तोच पदार्थ.

तीन हातांचा रेणूही आहे, ग्लिसरॉल. साबणीकरणात तेलातून सुटतं ते. तीन हात आले की साखळीला फांद्या फुटतात, फांद्या एकमेकींना मिळतात आणि जाळं तयार होतं. जाळं वितळत नाही. दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटमधलं अल्किड रेझिन ग्लिसरॉलसारख्या अल्कोहोलांपासूनच बनतं.

एक हात, दोन हात, तीन हात. वास, धागा, रंग. दहावीला इथपर्यंत पोचलं तरी खूप झालं.

आता त्या खोक्याचं. पॉलिव्हायनिल अल्कोहोल म्हणजे कार्बनची लांबलचक साखळी आणि तिच्यावर एक कार्बन सोडून एक ओएच. ओएच आहे म्हणून अल्कोहोल, साखळी आहे म्हणून बहुवारिक. म्हणजे बाई, तुमचं "दोन्हीत बसतं" हे उत्तर बरोबरच होतं. पण गंमत त्याच्या जन्मात आहे. नावावरून वाटतं की व्हायनिल अल्कोहोलचे रेणू जोडून ते करत असतील. तसं करता येत नाही, कारण व्हायनिल अल्कोहोल बाटलीत टिकतच नाही. दुहेरी बंधाच्या कार्बनवर ओएच बसला की तो हायड्रोजन पलीकडच्या कार्बनवर उडी मारतो आणि त्याचं इथेनॅल होऊन जातं. म्हणून आधी व्हायनिल अ‍ॅसिटेटची साखळी करायची आणि मग तिच्यावरचे इस्टर तोडून त्या जागी ओएच मोकळे करायचे. हेरमान आणि हेनेल या जर्मन रसायनज्ञांना ही वाट १९२४ मध्ये सापडली. ज्याचं एकवारिक, म्हणजे साखळीचा सुटा रेणू, हातात धरता येत नाही असं बहुवारिक! मी पहिल्यांदा शिकले तेव्हा रात्रभर हेच डोक्यात होतं.

आणि आजीच्या डोळ्यांत दारू नाही. दारूतलं अल्कोहोल म्हणजे मुख्यतः इथेनॉल. अल्कोहोल हे आडनाव आहे, ते एका माणसाचं नाव नाही. थेंबांमधल्या लांब साखळ्या त्यांच्या ओएचनी पाणी धरून ठेवतात, डोळ्यावर पातळ ओला थर राहतो आणि कोरडेपणा कमी होतो.

---

कोरा_कागद

लांबसाखळी ताई, समजावलंत छान, पण मला दोन ठिकाणी अडचण दिसते. मी अकरावी-बारावीचे वर्ग घेतो. दहावीत झालेला घोटाळा आमच्याकडे येऊन उकलायला महिने जातात, म्हणून स्पष्ट लिहितो.

पहिली गोष्ट. बाईंनी उत्कलनबिंदू समजावताना "रेणू एकमेकांना धरून ठेवतात" म्हटलं आणि तुम्हीही हात धरायला लावलेत. मुलाच्या डोक्यात दोन्ही एकच होणार. पहिलं धरणं हायड्रोजन बंधाचं आहे. उकळलं की सुटतं, थंड झालं की परत जुळतं, रेणू तोच राहतो. दुसरं सहसंयुज बंधाचं आहे, तिथे नवा पदार्थ तयार होतो. मैदानावर पहिल्यासाठी खांद्याला खांदा टेकवू द्या आणि दुसऱ्यासाठी हातात हात.

दुसरी गोष्ट. पॉलिथीन हातांच्या हिशेबात बसत नाही. इथीनला ओएच नाही. तिथे दुहेरी बंधातला एक बंध उघडतो आणि रेणू एकापुढे एक जोडले जातात, पाणीबिणी काही बाहेर पडत नाही. पुस्तकातल्या तक्त्यातली पॉलिथीन, पीव्हीसी, पॉलिस्टायरिन, टेफ्लॉन ही सगळी याच जातीची. १९३३ मध्ये इंग्लंडात विनिंग्टनला आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट इथिलीनवर (इथीनचंच दुसरं नाव) प्रचंड दाब देत होते, तेव्हा पात्रात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. तेच पहिलं पॉलिथीन. वजन करा, जेवढं इथीन जोडलं तेवढंच पॉलिथीन मिळतं. पॉलिएस्टरमध्ये प्रत्येक सांध्याला पाणी वजा होतं. हा फरक वजनाच्या गणितातून शिकवला तर पक्का बसतो.

जाता जाता, बहुवारिक, एकवारिक हे शब्द मुलांना जड जातात. सरळ पॉलिमर, मोनोमर म्हणावं. पुढे तेच लागतात.

---

लांबसाखळी

दोन्ही मुद्दे मान्य, आणि खांदा टेकवण्याची युक्ती मी आता माझ्याही व्याख्यानांत वापरणार.

शब्दांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. पॉलिमर हा शब्द मुलाला काहीच सांगत नाही, तो फक्त पाठ होतो. बहुवारिकात "बहु" तर दिसतो. मी दोन्ही शिकले आणि मराठी शब्दामुळे माझं कुठे अडलं नाही. शाळेत दोन्ही शब्द जोडीनं फळ्यावर लिहावेत, मूल आपोआप दोन्ही वापरायला लागतं.

अजून एक. या लांब साखळ्या खऱ्याच असतात, हे मोठमोठ्या रसायनज्ञांनाही पटत नव्हतं. लहान रेणूंचे गठ्ठे एकमेकांना नुसते चिकटून बसतात, असंच ते मानत. स्टाउडिंगरनं १९२० मध्ये महारेणूंची कल्पना मांडली, वर्षानुवर्षं टीका झेलली आणि १९५३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. म्हणजे खांदा टेकवणं की हात धरणं, हा तुमचा प्रश्न त्या काळातला खरा वाद होता! मुलांचा इथे गोंधळ झाला तर त्यांना रागावू नका.

---

धोटा

नमस्कार. मी इचलकरंजीचा, घरचे माग आहेत. रसायन फार शिकलो नाही, पण पॉलिव्हायनिल अल्कोहोल आमच्या रोजच्या बोलण्यात आहे. पीव्हीए म्हणतो आम्ही.

मागावर ताण्याच्या धाग्याला फार सोसावं लागतं. दर फटक्याला घासतो, ताणला जातो. तसाच लावला तर तुटतच राहील. म्हणून आधी सायझिंग करतात. पूर्वी नुसती स्टार्चची खळ असायची, आता मिश्र सुतासाठी स्टार्चसोबत पीव्हीए येतं. धाग्यावर पातळ कवच बसतं, सुटे तंतू आत दबतात. कापड विणून झालं की प्रोसेसिंगला हे कवच धुऊन काढतात. लावायचं पाण्यातून आणि काढायचंही पाण्यानं. ताईंनी ओएच पाणी धरतात म्हटलं, तेव्हा इतक्या वर्षांनी मला त्याचं कारण कळलं.

तुमच्या मुलांसाठी एक आकडा. हवेतली ओल सूत किती घेतं, यावर आमच्याकडे वजनाचा हिशेब चालतो. कापसाला ८.५ टक्के धरतात, पॉलिएस्टरला ०.४. म्हणून उन्हाळ्यात सुती सदरा घाम टिपतो आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाही. पॉलिएस्टरची साडी दोरीवर टाकली की तासाभरात कोरडी.

---

लांबसाखळी

धोटा दादा, हा आकडा तर सोन्यासारखा आहे. कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या कड्यांची साखळी, आणि प्रत्येक कडीवर तीन ओएच मोकळे. पॉलिएस्टर करताना ओएच सांध्यांत खर्च झालेले असतात, पाण्याला धरायला फारसे उरत नाहीत. बाई, सुती रुमाल आणि पॉलिएस्टरचा रुमाल सारख्या पाण्यात भिजवून वर्गाच्या खिडकीत टांगा. काही बोलायची गरज पडणार नाही.

---

काठावरची

आमच्याकडे सुट्टीत स्लाइमचं वेड आलं होतं. पांढरा गोंद, त्यात टाकणखाराचं पाणी, आणि क्षणात लिबलिबीत गोळा. हेही याच कुळातलं का?

---

कोरा_कागद

हो. पॉलिव्हायनिल अल्कोहोलच्या साखळ्या पाण्यात सुट्या फिरत असतात. टाकणखारातून आलेला बोरेट दोन साखळ्यांच्या ओएचना एकाच वेळी धरतो, म्हणजे साखळ्यांमध्ये पूल बांधतो. पण हे पूल कच्चे असतात, तुटतात आणि पुन्हा जुळतात. म्हणून गोळा हळू ओढला तर लांबतो आणि झटका दिला तर तुटतो. पांढऱ्या गोंदात मुख्यतः पॉलिव्हायनिल अ‍ॅसिटेट असतं, पण तो दुधाळ ठेवण्यासाठी बऱ्याचदा थोडं पॉलिव्हायनिल अल्कोहोलही घातलेलं असतं, पूल बांधायला ते उपयोगी पडतं. टाकणखार पोटात जाता कामा नये. लहान मुलांना देऊ नका, खेळून झालं की हात साबणानं धुवायला लावा.

---

रात्रपाळी

मी रुग्णालयात काम करते. धागा आवडला, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते.

वर्गात दारूचा उल्लेख आला की मुलं हसतात आणि शिक्षक घाईनं पुढे जातात. कृपा करून पुढे जाऊ नका. मिथेनॉल आणि इथेनॉल यांत फक्त एका कार्बनचा फरक. दिसायला सारखंच रंगहीन, वासही जवळपासचा. मिथेनॉल पोटात गेलं की यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं. मुंगीच्या दंशातलं ते हेच आम्ल. रक्त आम्लधर्मी होतं आणि डोळ्यांच्या नसा जातात. माणूस आधी म्हणतो धुकं दिसतंय. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलनं.

यावर उपचार म्हणून रुग्णालयात कधीकधी इथेनॉलच देतात. यकृतातलं तेच विकर (एन्झाइम) दोन्हींवर काम करतं आणि इथेनॉल त्याला आधी प्यारं. ते इथेनॉलमध्ये गुंतलं की मिथेनॉल तसंच शरीराबाहेर पडायला वेळ मिळतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं, घरी दारू पाजणं हा उपाय नाही, हेही मुलांना सांगा. समजातीय श्रेणीतला एक कार्बन म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

आणि स्पिरिटचा दिवा. माझ्या शाळेत जळत्या दिव्यात स्पिरिट ओतताना भडका उडाला होता आणि मैत्रिणीचा हात भाजला. इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, उजेडात दिसतच नाही. दिवा विझवून, गार होऊ देऊन मगच भरा.

---

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोन तास सलग मिळाले, त्याचं लिहिते.

आधी वर्गात ५० मिलिलीटर इथेनॉल आणि ५० मिलिलीटर पाणी एकत्र केलं. मुलांनी १०० लिहून ठेवलं होतं, मोजपात्रात ९७ सुद्धा भरेना. "बाई, सांडलं" असा गलका झाला. तीन गटांनी तीन वेळा केलं तरी तेच. मग खांद्याला खांदा लावून उभं राहायला सांगितलं आणि मोठ्या मुलांच्या मधल्या फटींत छोटी मुलं शिरल्यावर ओळ कशी आखडते ते दिसलं.

मग मैदान. एका हाताच्या जोड्या लगेच संपल्या. दोन हातांची साखळी कंपाउंडपर्यंत गेली. मी मुद्दाम त्यात चार एकहाती मुलं सोडली, तर साखळीचे तुकडेच पडले! हे मला आधी सुचलं नव्हतं, मुलांनीच ओरडून सांगितलं. तिसऱ्या हातासाठी मुलींनी कमरेला ओढण्या बांधल्या आणि जो काही गुंता झाला तो सोडवायला पाच मिनिटं लागली. एका कोपऱ्यात दोघी जणी साखळी सोडून एकमेकींचेच दोन्ही हात धरून फुगडी घालत होत्या. मी रागावणार होते, पण थांबले. ताई, असं खऱ्या रेणूंमध्ये होतं का?

दारूबद्दलही बोलले. वर्ग एकदम शांत झाला. काही मुलांच्या घरी हा प्रश्न आहे, हे मला माहीत आहे. तास संपल्यावर एक मुलगा थांबला आणि मालवणीबद्दल पुन्हा विचारून गेला.

आणि खोकेवाली? तिला उत्तर मिळालं, पण तिनं नवा प्रश्न आणलाय. "बाई, कापसातही ओएच आणि या थेंबांतही ओएच. मग हे पाण्यात विरघळतं आणि आजीचं लुगडं का विरघळत नाही?"

---

लांबसाखळी

फुगडी होते, बाई. पॉलिएस्टर बनताना काही साखळ्या स्वतःच्याच शेपटीला मिळून कडी होतात, थोड्याच, पण होतात.

लुगड्याच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मैदानावरच आहे. सेल्युलोजच्या साखळ्या सरळ आणि ताठ, एकमेकींना लागून ओळीत बसलेल्या. त्यांचे ओएच शेजारच्या साखळीच्या ओएचमध्ये इतके गुंतलेत की पाणी बाहेरून भिजवतं, पण ओळी फोडून आत शिरू शकत नाही. पॉलिव्हायनिल अल्कोहोलमध्येही हेच दिसतं. इस्टर जवळजवळ पूर्ण तोडून सगळीकडे ओएच केले, तर ते गार पाण्यात नीट विरघळत नाही, गरम पाणी लागतं. पण शंभरात दहा-बारा इस्टर तसेच ठेवले की ते मध्ये अडसर होतात, साखळ्यांना घट्ट बसता येत नाही आणि गार पाणीही आत शिरतं. ओएच कमी केले आणि विरघळणं वाढलं! तिला हे आधी सांगू नका. पाण्याला धरणारे हात कमी झाले तर काय होईल, असं विचारा आणि ती काय म्हणते ते इथे लिहा.

---

धोटा

म्हणूनच आमच्याकडे दोन प्रकारचं पीव्हीए येतं. एक गार पाण्यात भिजतं, दुसऱ्याला वाफ द्यावी लागते. मी इतकी वर्षं समजत होतो की दुसरा माल हलका आहे.